कानामागून आली

डाव्या कानामागे, चार बोटं वर,
तळहात ठेवला तर झाकेल एवढी जागा.
तिथले केस आपल्या घरातले नाहीत, असं आई म्हणायची.
बाकी सगळे सरळ, मऊ, सांगितलेलं ऐकणारे,
आणि इथे तारेच्या घासणीची पिल्लं.

शाळेत दोन वेण्या. डावी नेहमी जाड.
आई दातांत रिबीन धरून
तो तुकडा तेलात बुडवायची,
पहिल्याच पेडात गाडून वर दोन आकडे ठोकायची.
‘कानामागून आली आणि तिखट झाली,’ रिबिनीतूनच पुटपुटायची.
भाऊ तिथेच, दोन हातांवर, पेपर वाचत.
तिसऱ्या तासाला, बाई नकाशा टांगत असताना,
एकेक केस बाहेर यायचा.
मागच्या बाकावरची शर्वाणी चिमटीत धरून ओढायची, सोडायची.
स्प्रिंग, म्हणायची. प्रेमानंच.

कन्नमवार नगरात म्युनिसिपालिटीचं पाणी पावणेसहाला,
ते गेलं की टँकरचं.
टँकरचं पाणी चहाला कळायच्या आधी
त्या तुकड्याला कळतं:
फुगतो, खरखरतो, फणीचे दात मोजून घेतो.

लग्नाआधी घाटकोपरला जाऊन सरळ करून घेतले.
साडेचार हजार, तीन तास.
रुआती नावाची मुलगी, मिझोरामची,
दोनदा इस्त्री फिरवून थकली.
‘दीदी, ये वाला मान नहीं रहा.’
हळदीला सपाट होता.
सत्यनारायणाला उठून बसला.
चुलतसासूबाईंनी बोट अडकवून विचारलं,
‘हे काय गं, लहानपणी भाजलं होतं की काय?’
मी हो म्हणाले.
पुढे त्या भाजण्याला स्टोव्ह आला, उकळतं दूध आलं,
आईनं लावलेली शाई आली.
वीस वर्षं ती गोष्ट सांभाळली, केसांपेक्षा नीट.

मग भाऊ मोरीत पडले. डोक्यात गाठ.
सायनला, ऑपरेशनच्या आदल्या रात्री,
वॉर्डचा न्हावी मशीन घेऊन आला.
जन्मभर दर तिसऱ्या रविवारी रामनयनच्या दुकानात
‘मागून बारीक’ म्हणणारे भाऊ,
महिनाभर खाटेवर, केस पहिल्यांदाच वाढलेले.
पेपरवर पांढरे, सरळ केस पडत गेले.
डाव्या कानामागे मशीन अडकलं.
न्हाव्यानं पातं पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा घरघरलं.
‘इथं काहीतरी वेगळंच आहे.’
भाऊ डोळे मिटूनच म्हणाले,
‘हो. तिथं हळू.’

तेवढंच. माझ्याकडे बघितलं नाही.
पेपरवर स्प्रिंगा पडल्या, पाच-सहा, पांढऱ्या.
रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग.
दोन हातांवर बसून, माणसानं
एवढी वर्षं पेपर वाचावा?

आता रामनयनच्या जिन्यापर्यंत त्यांचे पाय पोचत नाहीत,
म्हणून केस वाढतात. टाक्यांच्या भोवतीही.
मी रविवारी जवस उकळते,
गाळताना लाळेसारखी तार धरते तोवरच उतरवायचं,
नाहीतर शिरा होतो.
बाकीचे केस क्लिपनं बाजूला,
तुकडा ओलाच ठेवायचा, फणी नाही, बोटं.
टॉवेल नाही, भाऊंचा जुना बनियन;
दाबायचं, चोळायचं नाही.
आधी माझा. वाटीत उरलेलं त्यांना.
‘चिकट आहे,’ म्हणतात.
‘बसा गप्प,’ मी म्हणते, आईच्या आवाजात,
दातांत क्लिप.

काल वाळत बसले होते गॅलरीत.
कानामागे हात नेला, एक केस ओढला, सोडला.
मग आत बघून विचारलं,
‘आज टँकरचं पाणी होतं का गं?’